कोकणची बारी आणि ब्रॉंक्सचे रॅप : प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या वाड्यावाड्यांतून गौरी-गणपतीच्या दिवसांत रात्रभर रंगणारी शक्ती-तुऱ्याची बारी आणि अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स नामक विभागात सुमारे अर्धशतकापूर्वी जन्मास आलेले रॅप या दोहोंचा विचार एकाच ग्रंथात, एकाच पंक्तीस बसवून करावा, ही कल्पना पुष्कळ वाचकांस प्रथमदर्शनी विलक्षण वाटण्याचा संभव आहे. मृदंगाच्या साथीवर शिव आणि शक्ती यांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा वाद घालणाऱ्या, पुराणांतील दाखल्यांवर दाखले देणाऱ्या आमच्या शाहिरांचा आणि सातासमुद्रापलीकडील कृष्णवर्णीय तरुणांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देऊन ठेवतो. या दोन कलांमध्ये रक्ताचे नाते नाही, एकीने दुसरीपासून काही उचलले असाही माझा दावा नाही. साम्य आहे ते ज्यांनी या कला घडविल्या त्यांच्या जीवितक्रमात, आणि त्याहूनही अधिक, बाहेरच्या जगाने या कलावंतांकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेत. ही नजर, तिने निर्माण केलेली ठराविक साच्याची चित्रे, आणि त्या चित्रांचा सर्वांत मोठा भार दोन्हीकडच्या स्त्रियांवर कसा पडला, हा पुढील प्रकरणांचा खरा विषय होय.

ज्यांनी बारी पाहिलेली नाही अशांसाठी तिचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. मध्यभागी मृदंग आणि झांजा यांच्यासह शाहीर व त्याचे साथीदार बसतात. त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. गणाने आरंभ होतो, मग गवळण येते, आणि त्यानंतर ज्यासाठी माणसे दूरदूरच्या वाड्यांतून चालत आलेली असतात तो सवाल-जवाब सुरू होतो. शक्तीच्या पक्षाने माया, प्रकृती, आदिशक्ती हिचे ज्येष्ठत्व प्रतिपादावे, तुऱ्याच्या पक्षाने ब्रह्म, पुरुष, शिव याचे. एकाने घातलेल्या कोड्याची उकल दुसऱ्याने त्याच रात्री, भर सभेत, गाण्यातूनच करावी, आणि उत्तराच्या अखेरीस एखादा टोमणा असा हाणावा की प्रतिपक्षाने मान खाली घालावी, हा या खेळाचा शिरस्ता. पेशवाईच्या अखेरच्या काळात फडाफडांतून गायिल्या गेलेल्या भेदिक लावण्यांची आणि कलगी-तुऱ्याच्या झगड्यांची ही कोकणातील वहिवाट आहे. वस्तादाने शिष्यास स्वहस्ते उतरवून दिलेले बाड, म्हणजे पदांची हस्तलिखित वही, हीच या विद्येची सनद मानली जाते.

रत्नागिरी तालुक्यातील एका वाडीत पाहिलेल्या बारीतील एक प्रसंग येथे नमूद करण्याजोगा आहे. तुऱ्याच्या वयोवृद्ध शाहिराने सृष्टीच्या उत्पत्तीविषयी एक अवघड सवाल टाकला. शक्तीचा शाहीर तिशीतला, दिवसा टेम्पो चालविणारा. त्याने लगेच तोंड उघडले नाही. त्याने मृदंग्यास खूण केली, नाच्यांचा फेर तसाच चालू राहिला, आणि तो स्वतः मांडीवर बोटे टेकवीत, ओठांतल्या ओठांत काही जुळवीत बसला. मग त्याने जे पद म्हटले त्याच्या प्रत्येक कडव्याचे यमक प्रतिपक्षाच्या सवालाच्या यमकाशी जुळविलेले होते, आणि "वा!" असा पहिला उद्गार निघाला तो समोर बसलेल्या म्हाताऱ्या तुरेवाल्याच्याच मुखातून. मध्यंतरात चहा फिरत असताना, पडवीच्या कडेला बसून मोबाइलवर हे सारे टिपून घेणाऱ्या पोरांपैकी एकाने उठून स्वतः रचलेले रॅप म्हणून दाखविले. विषय होता गावातल्या बंद पडलेल्या एसटीचा. मृदंग्याने मान वर न करता त्याच्या बोलांखाली ठेका धरला. त्या दोघांस एकमेकांची कला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. अमेरिकेतील रॅपगायकही असेच वर्तुळ करून उभे राहतात, एकामागून एक पुढे सरून आयत्या वेळी रचलेली कवने म्हणतात, आणि प्रतिस्पर्ध्यास शब्दांनी नामोहरम करणे हा तेथेही प्रावीण्याचा निकष मानला जातो. निःशस्त्र माणसांनी वैराचे रूपांतर कवित्वात करावे, ही मला मनुष्यजातीच्या सर्वांत सुसंस्कृत शोधांपैकी एक वाटते.

परंतु ही माणसे कोण होती? कोकणात शक्ती-तुरा आणि त्यातला फेर धरून होणारा जाखडीचा नाच जोपासला तो मुख्यत्वे कुणबी समाजाने. आणि या समाजाचा इतिहास खोतीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. सरकार आणि रयत यांच्यामध्ये खोत उभा. वसूल त्याच्या हाती, कुळाची वेठ त्याच्या हक्काची, आणि अर्धेलीच्या रिवाजाने भाताचे निम्मे पीक त्याच्या कोठारात जावयाचे. ही पद्धती मोडावी म्हणून १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात ज्यांनी विधेयक आणले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले. पुढील वर्षाच्या आरंभी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. तरी खोती कायद्याने रद्द होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. दरम्यान पिढ्यान्‌पिढ्या या जिल्ह्याने आपले तरुण पुरुष बोटींवर चढवून मुंबईस धाडले. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी या गिरणगावातील चाळींच्या खोल्यांतून एकेका गावचे वीस-वीस पुरुष पाळीपाळीने झोपत, महिनाअखेर मनीऑर्डरी करीत, आणि सणासुदीस बारी उभी करीत. परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी नमन हे लोकनाट्य आणि शक्ती-तुरा यांना जो राजाश्रयाहून मोठा लोकाश्रय मिळाला, तो याच गिरणी कामगारांनी दिलेला.

त्या शहराने त्यांना काय नाव दिले ते पाहण्यासारखे आहे. कानात बाळी घालणारा म्हणून कोकणचा कष्टकरी 'बाल्या' झाला, आणि त्याच्या नाचासही 'बाल्या डान्स' हेच नाव चिकटले. धनिकांच्या घरी भांडी घासणारा, मुले सांभाळणारा रत्नागिरीकर गडी, त्याचे नाव काशिराम असो वा धोंडू, 'रामा' या एकाच हाकेने बोलावला जाऊ लागला. ज्या माणसाच्या स्वतंत्र नावाची गरज मालकास वाटत नाही त्याच्या स्वतंत्र बुद्धीची कल्पना त्या मालकाच्या मुलांनी करावी कशी? नंतर नाटकांनी व बोलपटांनी हाच रामा उचलला: अर्धी विजार, खांद्यावर फडके, हेल काढून बोलणे, निरोप चुकीचा सांगणे, बाईसाहेबांच्या दरडावणीस घाबरणे. तोच रामा रात्री चाळीत परतल्यावर सांख्यांच्या प्रकृति-पुरुषविचारावर पद रचीत असेल, हे त्या प्रेक्षकांस कोणी दाखविले नाही.

आता दृष्टी ब्रॉंक्सकडे वळवू. त्या वस्तीच्या ऐन मध्यातून रॉबर्ट मोझेस या सत्ताधीश नगररचनाकाराने १९४८ ते १९७२ या काळात एक प्रचंड महामार्ग काढला. हजारो कुटुंबे उठली, ज्यांना जमले ती निघून गेली, कारखाने गेले, आणि मागे उरलेल्या कृष्णवर्णीय व पोर्टो रिकोच्या गरिबांच्या इमारतींस विम्याच्या लोभाने मालकच आगी लावू लागले. अशा ठिकाणी, सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीच्या सामाईक खोलीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क या तरुणाने दोन तबकड्यांवर संगीत वाजविले, आणि गाण्यातला ज्यावर लोक बेभान नाचतात तेवढाच तालाचा तुकडा पुनःपुन्हा वाजवून लांबवीत नेण्याची त्याची युक्ती पुढे जगभर पसरलेल्या एका संस्कृतीचा पाया ठरली. तो कार्यक्रम ठरविला होता त्याची बहीण सिंडी हिने, शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यास चार पैसे जमावेत म्हणून. प्रवेशशुल्क मुलींस पंचवीस सेंट आणि मुलांस पन्नास, असा तिचा दर होता. इतिहासकार बहुधा भावाच्या नावाने आरंभ करतात. माझ्या मते त्या सायंकाळची योजक म्हणून बहिणीचे नाव आधी लिहिले जाणे न्यायाचे आहे.

एक कालयोग मला या अभ्यासात वारंवार थांबवून धरीत आला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या सहकाऱ्यांचे 'द मेसेज' हे गीत प्रसिद्ध झाले, ज्यात रॅपने नाचरंगाची बैठक सोडून, काचा फुटलेल्या गल्लीत राहणाऱ्या माणसाच्या मनाची घुसमट जगापुढे मांडली. दोन्ही शहरांत उद्योगधंद्यांनी ज्यांच्या श्रमावर इमारती उभारल्या त्यांनाच वाऱ्यावर सोडले. गिरणगावची पोरे त्यानंतर कोठे कोठे गेली, त्यांतली किती गुन्हेगारीच्या वाटेस लागली आणि किती मुकाट्याने गावी परतली, हा आमच्या जिल्ह्याच्या प्रत्येक वाडीतला प्रश्न आहे. मात्र चित्रपटांनी त्यांतून निवडला तो बंदूकवाला.

ही निवड हीच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयाची प्रतिमा त्याच्या हाती केव्हाच नव्हती. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट जळक्या बुचाच्या काजळीने तोंड काळे करून 'जिम क्रो' या विदूषकाच्या रूपाने रंगभूमीवर आला, आणि मूर्ख, आळशी, सदा हसणारा गुलाम ही प्रतिमा तेथील सर्वांत लोकप्रिय करमणूक ठरली. गुलामगिरी गेली तेव्हा 'द बर्थ ऑफ अ नेशन' या १९१५ च्या चित्रपटाने त्याच गुलामास गोऱ्या स्त्रीच्या अब्रूचा वैरी करून उभे केले. रॅपला जेव्हा बाजारात किंमत आली तेव्हा हे दोन्ही साचे तयारच होते. १९९१ पासून तबकड्यांच्या विक्रीची नोंद दुकानांतील यंत्रांवरून होऊ लागली आणि या गाण्यांचा फार मोठा खरेदीदार उपनगरांतील गोरा तरुण आहे हे कंपन्यांस उघड दिसले; १९९६ च्या दूरसंचार कायद्याने आकाशवाणी केंद्रांच्या मालकीवरील निर्बंध सैल केले आणि शेकडो केंद्रे मोजक्या हातांत गेली. शिक्षकाचे, प्रेमिकाचे, राजकीय कार्यकर्त्याचे, विनोदकाराचे असे सर्व तऱ्हेचे रॅप तोवर होते आणि नंतरही राहिले. परंतु केंद्रांवरून रात्रंदिवस वाजू लागले ते पिस्तूल, पैसा आणि स्त्रीदेह यांचे. ट्रिशा रोझ या विदुषीने आपल्या ग्रंथांतून हा व्यवहार साधार उलगडून दाखविला आहे, आणि तिचा मला पटलेला मुद्दा असा की, कृष्णवर्णीय समाज असाच असतो म्हणून गाणी तशी झाली, ही समजूत कार्यकारणभावाचीच उलटापालट आहे.

या ठिकाणी कोकणी वाचकास एका गोष्टीचे स्मरण देणे मला अगत्याचे वाटते. आफ्रिकेच्या माणसाची ओळख आपणांस अमेरिकन चित्रपटांनी करून दिलेली नाही. जंजिऱ्याचे आफ्रिकी वंशाचे सिद्दी हे शतकानुशतके या किनाऱ्यावरचे सत्ताधीश होते. गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा गोपाळगड त्यांच्या ताब्यात होता आणि तो घेण्यास तुळाजी आंग्र्यास शर्थ करावी लागली. जंजिरा संस्थान तर १९४८ पर्यंत नांदत होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार करणारा, जमाबंदीची घडी बसविणारा मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशीच होता. शत्रू म्हणून का होईना, आमच्या बखरींतला हबशी दर्यावर्दी आहे, किल्लेदार आहे, मुत्सद्दी आहे. त्याच भूमीतल्या मुलाने आज दूरचित्रवाणीवरील चित्रे पाहून 'काळा म्हणजे गुंड' असे समीकरण मनाशी बांधावे, यास मी आपल्याच दप्तराचा विसर पडणे म्हणतो.

आणि रंगाचा प्रश्न केवळ परकीयांचा नाही. 'रंग माझा वेगळा' ही २०१९ साली सुरू झालेली मराठी मालिका सावळ्या मुलीस सासरी-माहेरी सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेविषयी होती. हेतू निःसंशय चांगला, लोकप्रियताही मोठी. पण सावळ्या नायिकेच्या भूमिकेसाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीस रोज रंग लावून सावळी करण्यात आले. ज्या महाराष्ट्रात शेताच्या बांधावर, लोकलच्या डब्यात, शाळेच्या वर्गात सावळ्या मुली दिसावयास डोळे फार ताणावे लागत नाहीत, तेथे त्यांच्यापैकी एकीस तिचीच व्यथा सांगण्यासाठी बोलावणे निर्मात्यांस जमले नाही. राइसची काजळी आणि हा रंग यांत हेतूचे अंतर पुष्कळ आहे आणि ते मी नाकारीत नाही. तथापि ज्याची गोष्ट आहे त्याला वगळून त्याची गोष्ट सांगणे, हा दोहोंतील समान धागा नजरेआड करता येत नाही. हिंदी चित्रपटांतील मराठी 'बाई'ही अशीच घडली: नऊवारी लुगडे, कर्कश बोलणे, हातात केरसुणी. गिरणगावात शेकडो कामगारांस दोन वेळचे जेवण रांधून घालणाऱ्या, हिशेब तोंडी ठेवणाऱ्या, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून सावकाराच्या पाशातून स्वतःस सोडविणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया मात्र पडद्यावर क्वचितच आल्या.

स्त्रियांविषयीचे प्रकरण या ग्रंथात सर्वांत दीर्घ झाले आहे, आणि ते तसे होणे अपरिहार्य होते. शक्ती-तुऱ्याचा मूळ वाद काय आहे? स्त्रीतत्त्व थोर की पुरुषतत्त्व थोर, हाच. आणि हा वाद पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही बाजूंनी पुरुषच घालीत आले. शक्तीचा कैवार घेणारा शाहीर पुरुष, तिला खाली पाहावयास लावणारा तुरेवालाही पुरुष. नमनातल्या गवळणी पुरुष, शिमग्यात लुगडे नेसून नाचणारी गोमूही पुरुष. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत, ज्या जिल्ह्याची शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि कोर्टकचेऱ्या पुरुष मुंबईस गेल्यावर स्त्रियांनीच सांभाळल्या, त्या जिल्ह्याच्या रंगमंचावर स्त्री नव्हती. होते ते तिचे सोंग. त्यामुळे सवाल-जवाबातील तत्त्वविचार जसजसा पातळ होत गेला तसतसा 'शक्ती' या शब्दाचा अर्थ आदिमाया न राहता समोरच्या पक्षाची बायको असा होऊ लागला, आणि द्व्यर्थी टोमण्यांवर शिट्ट्या पडू लागल्या. ज्यांनी ही घसरण वेळीच ओळखली असे जाणते वस्ताद होते आणि आहेत. परंतु आयोजकांचा आणि आता मोबाइलवरील चित्रफितींचा कल पाहता, त्यांचा आवाज क्षीण होत चालला आहे, हे सांगितलेच पाहिजे.

म्हणूनच न्यूयॉर्कच्या एका मुलीची हकीकत मला विशेष मोलाची वाटते. १९८४ साली तेथील एका तरुणांच्या संघाने, आपल्याला दाद न देणाऱ्या रॉक्सॅन नावाच्या काल्पनिक मुलीवर गाणे काढले. क्वीन्सब्रिज या गरिबांच्या वसाहतीतील चौदा वर्षांच्या एका मुलीने त्या रॉक्सॅनचे नाव धारण करून त्यांना उलट जवाब दिला; तो जवाब तिने ध्वनिमुद्रणाच्या वेळी बहुतांशी उत्स्फूर्तपणेच म्हटला, आणि तिच्या त्या एका ध्वनिमुद्रिकेनंतर उत्तर-प्रत्युत्तरांच्या डझनावारी तबकड्या निघाल्या. रॉक्सॅन शांटे या नावाने ती प्रसिद्धीस आली. आमच्या सवाल-जवाबाचा सर्व धर्म तिच्या त्या कृतीत आहे: जिच्याविषयी बोलले जात होते तिने स्वतः उभे राहून बोलावयास सुरुवात केली. याआधी १९७९ साली रॅपची पहिली लोकविख्यात तबकडी काढणारी आणि पुढे 'द मेसेज'च्याही मागे उभी राहिलेली व्यावसायिक सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्त्रीच होती. एवढे असूनही पुढच्या दशकात त्याच क्षेत्रातील चित्रफितींतून स्त्री ही केवळ पार्श्वभूमीस नाचणारे शरीर होऊन बसली, यावरून एखादी कला जन्मतः कोणाची आहे आणि बाजारात ती कोणाची होते यांत केवढे अंतर पडते ते कळते. गेल्या काही वर्षांत कोकणात आणि मुंबईत शक्तीच्या बाजूने स्त्रिया शाहीर म्हणून उभ्या राहू लागल्या आहेत, त्यांच्या बाऱ्यांस गर्दीही होते. जाहिरातीच्या फलकांवर मात्र 'स्त्री विरुद्ध पुरुष' ही ओळ त्यांच्या नावाहून ठळक छापतात, आणि पुरुष शाहीर शास्त्रातील सवाल सोडून त्यांच्या नेसण्यावर, वयावर, लग्नावर घसरतात. अशा प्रसंगी शांतपणे पुराणातलाच दाखला देऊन सभेचा रोख पुन्हा विषयावर आणणारी शाहीर मी ऐकली आहे. तिच्या पांडित्याची मोजदाद करणारा एकही लेख माझ्या वाचनात आला नाही.

दोष दाखविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. १९९० साली फ्लॉरिडामध्ये एका रॅपसंघाची तबकडी न्यायालयाने अश्लील ठरविली, तेव्हा कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेन्शॉ यांनी घेतलेली भूमिका मला आदर्श वाटते. त्या गीतांतील स्त्रीद्वेष त्यांनी यत्किंचितही सौम्य केला नाही. पण तितकाच स्त्रीद्वेष गोऱ्यांच्या करमणुकीत राजरोस चालू असता कायद्याचा बडगा कृष्णवर्णीयांवरच का पडतो, हेही त्यांनी विचारले. २००४ साली अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजमधील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी एका विख्यात रॅपगायकास, तुमच्या चित्रफितीतील स्त्रियांच्या विटंबनेविषयी आमच्याशी बोला, अशी मागणी केली. त्याच्या सेवासंस्थेने तेथील आपला कार्यक्रमच रद्द केला, पण प्रश्न देशभर गाजला. त्या मुली त्याच संगीतावर वाढलेल्या होत्या. आमच्याकडे बाऱ्यांतील बीभत्सतेविरुद्ध बोलणारे पुष्कळ सज्जन असे आहेत की, ज्यांना कुणब्यांच्या नाचाची मुळातच किळस आहे आणि बीभत्सता हे केवळ निमित्त आहे. दुसरीकडे लोककलेचे अभिमानी असे की, स्त्रीची निंदा हीही परंपरा म्हणून जतन करू पाहतात. या दोन्ही पक्षांशी माझे जुळत नाही, आणि ग्रंथात त्यांच्याशी वाद घातलेला वाचकांस ठिकठिकाणी आढळेल.

मराठी वाचकास अमेरिकेतील वर्णभेदाची कथा परकी वाटण्याचे कारण नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो तेथील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करून. म्हणजे ब्रॉंक्सच्या त्या सायंकाळपूर्वी बरोबर शंभर वर्षे हे नाते आमच्या भाषेत जोडले गेले होते. १९४६ साली बाबासाहेबांनी विद्वान कृष्णवर्णीय नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा निर्देश केला, आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. त्यामुळे आज महाराष्ट्रातील तरुण रॅपकडे वळतात ते केवळ अनुकरणाने, असा शेरा मारणाऱ्यांनी हा पूर्वेतिहास आधी चाळावा. 'स्वदेशी' या मुंबईच्या संघाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह २०१९ साली आरे जंगलाच्या प्रश्नावर केलेले 'द वारली रिव्होल्ट', अमरावतीच्या विपिन तातड यांची जातिभेदाविरुद्धची कवने, महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे ऊर्फ माही जी यांची जंगलाविषयीची व श्रमिकांविषयीची गीते, हे सारे पोवाड्याच्या आणि आंबेडकरी जलशाच्या घराण्यातले आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोघा रॅपगायकांवर राजकीय टीकेच्या गीतांबद्दल गुन्हे नोंदले गेले, हीदेखील त्याच घराण्याची जुनी ओळख म्हणावी लागेल. मुंबईच्या रॅपचे २०१९ साली 'गली बॉय' या हिंदी चित्रपटाने पडद्यावर चित्र काढले. धारावीच्या मुलाच्या वाट्यास त्यात सहृदयता आली, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु त्यातही मंचावर माइक आहे तो मुख्यत्वे मुलांच्या हाती, आणि जात हा विषय जवळजवळ अनुच्चारित राहतो.

ग्रंथाच्या साधनांविषयी दोन शब्द लिहून ही प्रस्तावना आटोपती घेतो. अमेरिकेकडील भागास छापील ग्रंथांचा आणि ध्वनिमुद्रिकांचा मुबलक आधार आहे. कोकणच्या भागास आधार आहे तो प्रत्यक्ष ऐकलेल्या बाऱ्यांचा, आणि शाहिरांच्या वारसांनी विश्वासाने हाती दिलेल्या बाडांचा. त्यांतल्या कित्येक वह्या गिरणीच्या हजेरीपुस्तकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या, पावसाळी दमटपणाने पानास पान चिकटलेल्या अशा होत्या. चाळी पाडून त्या जागी उंच इमारती होत असताना पेट्यांबरोबर किती बाडे रद्दीत गेली असतील याची कल्पना करवत नाही. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती कोणास देऊन टाकू नये. पण तिचे प्रत्येक पान मोबाइलवर स्वच्छ टिपून घेऊन, शाहिराचे, वस्तादाचे आणि गावाचे नाव सोबत लिहून ठेवावे. घरातल्या कोणा आजीला किंवा आत्याला ओव्यांबरोबर शक्तीची पदेही येत असतील, तर तीही याच वहीत तिच्या स्वतःच्या नावाने उतरवून घ्यावीत. दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्यासाठी मी स्वतंत्र परिशिष्ट राखून ठेवणार आहे.

रत्नागिरी